तिला भुताची कादंबरी हवी होती

संपादकांचा फोन आला तेव्हा मी वालाच्या शेंगा सोलत बसले होते. म्हणाले, "ताई, किशोरवयीन मुलांनी वाचायलाच हव्यात अशा दहा कादंबऱ्यांची यादी द्या. प्रत्येकीवर चार ओळी. एवढी वर्षं वाचनालयात काढलीत, तुमच्याशिवाय कोण सांगणार?" मी म्हटलं, यादी देणार नाही. यादी वाचून पुस्तक उघडलेलं एकही पोर मी आजवर पाहिलेलं नाही. यादी आईबाप वाचतात, कात्रीनं कापतात, फ्रिजवर चिकटवतात आणि कर्तव्यातून मोकळे होतात. त्यापेक्षा मी हे काम कसं करायचे आणि एकदा ते कसं नासवलं, ते लिहिते. संपादक "चालेल, चालेल" म्हणाले, पण आवाज पडलेला होता. त्यांना दहा नावंच हवी होती.

आमचं वाचनालय खांदेश्वर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. खाली औषधाचं दुकान, शेजारी गणिताचा क्लास. मी तिथे ग्रंथपाल होते. ग्रंथपाल म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर वाचत बसत असेल. डोंबलाचं वाचन! देवघेवीच्या टेबलावर बसायचं, सुटलेली पानं डिंकानं चिकटवायची, पंखा बंद पडला की इलेक्ट्रिशियनच्या मागे लागायचं आणि दिवाळी अंक कुणाकडे अडकलाय यावरून दोन सभासदांची भांडणं सोडवायची. आमच्याकडे पुस्तक कोणी 'नेत' नाही, 'बदलतं'. "बदलायला आलेय," असं म्हणत लोक येतात. एक ठेवायचं, दुसरं घ्यायचं. साडी बदलायला यावं तसं. आणि साडीसारखंच, "जरा वेगळं दाखवा ना, हे असलं आहे आमच्याकडे," हेही असतं.

किशोर विभाग ही कल्पना भाऊसाहेबांची. भाऊसाहेब म्हणजे आमचे अध्यक्ष. मूळचे इथल्याच खाडीकाठच्या गावातले. त्यांच्या वडिलांच्या भातशेतीवर आता चार इमारती उभ्या आहेत. त्यातल्याच एकीतली ही जागा त्यांनी वाचनालयाला दिली, भाडं न घेता. माणूस दिलदार. फक्त स्वतः पुस्तक वाचत नसत आणि पुस्तकांबद्दल मतं मात्र भरपूर. त्यांनी एक काचेचं कपाट आणलं, वर पाटी लावली : किशोर विभाग. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ पाटीकडे बघून हळहळले. "अरेरे, किशोरराव गेले का? देणगी किती दिली होती त्यांनी?" आमच्याकडे प्रत्येक खुर्चीवर कुणा ना कुणा कैलासवासी माणसाचं नाव असल्यामुळे त्यांची चूक नव्हती. त्यानंतर महिनाभर मी त्या कपाटाला मनातल्या मनात किशोरराव म्हणत होते.

किशोररावांच्या पोटात काय घालायचं हे समितीनं ठरवायचं होतं, आणि समिती पुस्तक ठरवत होती मुखपृष्ठावरून. मुलाचं चित्र असेल तर किशोर, बाईचं असेल तर सामाजिक, घोड्याचं असेल तर ऐतिहासिक. एकदा भाऊसाहेबांनी प्रदर्शनातून एक कादंबरी आणली. मुखपृष्ठावर पतंग उडवणारा मुलगा. गेली कपाटात. आत काय होतं? त्या मुलाच्या बापाचं ऑफिसातल्या बाईशी चाललेलं प्रकरण, अगदी तपशीलवार. दोन वर्षं ती कादंबरी किशोररावांकडे सुखानं नांदली. तारखा टाकायची चिठ्ठी भरली, दुसरी लावली, तीही भरत आली. एकाही मुलानं एका शब्दानं तक्रार केली नाही. मला संशय आला तो त्यामुळेच. इतकी एकमुखानं आवडलेली कादंबरी म्हणजे काहीतरी घोटाळा असणार. मी ती घरी नेऊन वाचली आणि गुपचूप मोठ्यांच्या कपाटात हलवली. तिथे तिला कोणी हात लावला नाही.

पालकांचं तर विचारूच नका. एक बाई आल्या, मुलगा सातवीत. म्हणाल्या, "मॅडम, कादंबरी द्या. पण त्यात प्रेम नको, मारामारी नको, कोणी मरायला नको, आणि आईवडिलांना उलट उत्तरं देणारी मुलं तर मुळीच नकोत." मी म्हटलं, "मग रेल्वेचं वेळापत्रक न्या." त्या रागावल्या. मुलगा मात्र खुदकन हसला, आणि पुढच्या आठवड्यात एकटाच आला. उलट उत्तरं देणाऱ्या मुलांची कादंबरी मी त्याला दिली, एक नाही, ओळीनं चार. आणखी एक गृहस्थ होते, त्यांना अशी कादंबरी हवी होती जिनं मुलाचा 'कॉन्फिडन्स' वाढेल. मुलगा समोर उभा राहून आमच्या शोकेसमधल्या ढाली मोजत होता. त्याचा कॉन्फिडन्स उत्तम होता, त्याला बापाचा कंटाळा आला होता, एवढंच.

सगळेच असे नव्हते बरं का. करंजाड्याच्या एक आजी नातीला घेऊन आल्या. नात इंग्रजी शाळेत. आजी म्हणाल्या, "मॅडम, पोरगी मराठी बोलते चांगली, पन वाचाला येत नाय. जोडाक्षर आला का थांबते. तुमीच वाचून दावा ना जरा." दुपारची वेळ होती, कोणी नव्हतं. मी एका साहसकथेचं पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं. नात ऐकत होती, आजी तिच्यापेक्षा जास्त. पुढच्या आठवड्यात आजी एकट्याच जिना चढून आल्या, धापा टाकत खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "त्या पोराचा पुढं काय जाला वो?" असे दिवस आले की मला वाटायचं, नोकरी आहे ती हीच, बाकी सगळा डिंक आणि धूळ.

तर सुचवायचं कसं? माझी एक पद्धत होती आणि तिचा मला फार गर्व होता. मुलगा काय मागतो ते ऐकायचं नाही, परत काय आणतो ते बघायचं. परत आलेलं पुस्तक सगळं सांगतं. वाचलेलं पुस्तक हातात घेतलं की सैल लागतं. न वाचलेलं कडक राहतं, मधूनच कुठेतरी करकर वाजतं. खूण म्हणून घातलेलं बसचं तिकीट पान बाराला अडकलेलं असेल, तर समजायचं की बारावर पोरगं मेलं. वेफर्सचे तेलकट डाग शेवटच्या प्रकरणात असतील तर उत्तम. म्हणजे हातातली पिशवी ठेवायचंही भान राहिलं नाही. मी पुस्तक नुसतं हातात तोलून सांगायचे, "नाही ना वाचलंस?" आणि मुलं चपापायची. या कौशल्यावर मी बरीच वर्षं भाव खाल्ला.

आणि एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत हवी, ती म्हणजे दहावी. आमच्याकडे "यंदा दहावी आहे" हे वाक्य उच्चारलं की घरातला टीव्ही बंद होतो, मामाच्या मुलीच्या लग्नाला आई एकटी जाते आणि वाचनालयाचं कार्ड परत येतं. जूनमध्ये पालक कार्ड बंद करायला यायचे तेव्हा चेहरे असे, की घरात कोणी अंथरुणाला खिळलंय. मी विचारायचे, "आठवड्याला एक कादंबरी वाचली तर काय बिघडेल?" उत्तर ठरलेलं : "नको हो मॅडम, दहावी आहे." दहावीला बंद झालेली कार्डं पुन्हा उघडायला आलेली मुलं माझ्या हाताच्या बोटांवर मावतील. म्हणजे आमच्या धंद्यात पोराला वाचनाचं वेड लावायला मुदत असते. नववीच्या आत जे लागलं ते लागलं. नंतर परीक्षा, क्लास, मोबाईल, सगळे टपून बसलेलेच असतात.

समीक्षा आली ती नववीत. मराठीत समीक्षक म्हणवून घेणारे पुष्कळ पाहिले. मला खरी समीक्षा एवढी एकच भेटली.

जूनमधला रविवार. दोन वेण्या, पाठीवर रिकामं दप्तर, हातात भरलेला फॉर्म. पत्ता नावड्याचा. वडील तळोज्याला एका कंपनीत ऑपरेटर, मूळ गाव मराठवाड्यात. ते खाली स्कूटरपाशी उभे होते. मी खिडकीतून पाहिलं तर त्यांनी खालूनच छातीशी हात नेऊन "जय भीम" केला. मी "नमस्कार" म्हटलं. वर या म्हटलं तर आले नाहीत.

"काय वाचायला आवडतं?" मी समीक्षाला विचारलं.

"भुताचं आहे का?"

"कसलं?"

"भुताचं, मॅडम. म्हणजे कादंबरी. जाड पायजे. लवकर संपायला नको."

आज हे लिहिताना कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. जाड पाहिजे, लवकर संपायला नको, असं म्हणणारी चौदा वर्षांची मुलगी समोर उभी राहावी म्हणून माझ्यासारख्या बायका नवस करतात. आणि मी काय केलं? मी फॉर्मवरचा पत्ता वाचला, आडनाव वाचलं, आणि माझं पुस्तक ठरलं. म्हटलं, "भुतंबितं काय वाचतेस? हे बघ, छान आहे. तुला जवळचं वाटेल." आणि एका खेड्यातल्या गरीब मुलीची कादंबरी तिच्या हातात ठेवली. आई धुणीभांडी करते, बाप आजारी, मुलगी कंदिलाखाली अभ्यास करते आणि शेवटी अधिकारी होऊन लाल दिव्याच्या गाडीतून गावात येते. समीक्षानं पुस्तक उलटंसुलटं केलं, "बरं" म्हणाली आणि घेऊन गेली.

दुसऱ्या रविवारी पुस्तक परत. मी हातात घेतलं, एकदम सैल! पान न् पान वाचलेलं. दोन-तीन ठिकाणी शिक्षणाबद्दलच्या वाक्यांखाली पेन्सिलीची बारीक रेघ. खूण म्हणून कंपनीच्या कँटीनचं जेवणाचं कूपन. माझा ऊर भरून आला. बिचारी, वडिलांचं कूपन जपून वापरते! तिनं पुन्हा विचारलं, "भुताचं?" मी म्हटलं, "आधी हे वाच," आणि दुसरी गरीब मुलगी दिली. ही डॉक्टर होणारी. तिसऱ्या वेळी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच केलं. त्यानंतर तिनं मागायचं सोडलं. ती यायची, पुस्तक ठेवायची, मी निवडलेलं घ्यायची, थंड पाणी प्यायची आणि जायची. पुस्तकं सगळी सैल होऊन येत होती, सगळ्यांत कूपनं. मी ज्याला त्याला सांगत सुटले, "नावड्याहून येते हो, स्कूटरवर! एक आठवडा चुकवत नाही. आणि निवड बघा तिची, किती गंभीर." तिची निवड म्हणे! निवड सगळी माझी होती.

जानेवारीत वाचनालयाचा वर्धापनदिन. मी समितीत नाव सुचवलं : उत्कृष्ट किशोर वाचक, समीक्षा. भाऊसाहेब खूश झाले. "झ्याक! तिला दोन शब्द बोलाला लावा. लोकांना दिसू दे आपला काम."

प्रमुख पाहुणे कोणी शिक्षणातले होते. त्यांनी मोबाईलच्या दुष्परिणामांवर बराच वेळ भाषण केलं. त्या वेळात त्यांचा फोन दोनदा वाजला आणि एकदा त्यांनी तो घेतला. मग समीक्षाचं नाव पुकारलं. शाळेचा गणवेश कडक इस्त्रीचा. मागच्या रांगेत तिचे वडील उभे होते. माणूस पहिल्यांदा जिना चढून वर आला होता, पांढरा शर्ट, केस पाण्यानं बसवलेले. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी बसले नाहीत. समीक्षानं ढाल घेतली, माईकपाशी गेली आणि कागदबिगद न काढता बोलली.

"नमस्कार. मला बक्षीस दिलं त्याबद्दल थँक्यू. पण एक सांगायचंय. ती पुस्तकं मी नाय वाचली. पप्पा वाचतात."

लोक हसले. त्यांना वाटलं, मुलगी गमतीदार आहे. मीसुद्धा हसले.

"पप्पा कंपनीत नेतात, जेवणाच्या सुट्टीत वाचतात. त्यांना आवडतात. मी पयलं थोडं वाचलं, मग सोडलं. कारण मॅडम मला प्रत्येक वेळी गरीब मुलीचीच गोष्ट देतात. तिची आई भांडी घासते, ती कंदिलाखाली अभ्यास करते आणि मग ती मोठी होते. आमच्या घरी लाईट आहे."

आता कोणी हसलं नाही.

"मला भुताची पायजे होती. मी तीनदा मागितली. माझ्या क्लासमध्ये खांदेश्वरची एक मुलगी आहे, तिला मॅडमनी दिली, तिनं न मागता. म्हणून बक्षीस पप्पांना द्या. थँक्यू."

आणि ती खरंच व्यासपीठावरून उतरून मागे गेली आणि ढाल वडिलांच्या हातात दिली. त्या माणसाला ती कुठे ठेवावी कळेना. शर्टाच्या पुढे धरून तो खाली बघत उभा राहिला. मी पहिल्या रांगेत होते. माझे कान इतके तापले होते की वरचा पंखा चालू आहे की बंद हेही कळत नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर भाऊसाहेबांनी मला गाठलं. "मॅडम, ही काय पद्धत हाय? आपन पोरीला बक्षीस द्याचा आनि तिनं आपल्यालाच सगल्यांसमोर वाजवाचा? नाक कापला आपला!" मी म्हटलं, "हो ना. घरचे संस्कार नसले की असंच." हे मी म्हटलं. माझ्याच तोंडानं.

सोमवारी देवघेवीची वही उघडली. मला खात्री होती की पोरगी खोटं बोलतेय. मी भेदभाव करणारी बाई नाही, असं माझं माझ्याबद्दल पक्कं मत. मी वर्तमानपत्रात त्यावर पत्रंही लिहिलेली. वहीत एकेका मुलाचं नाव काढलं आणि पुढची पुस्तकं बघत गेले. सेक्टरमधल्या मोठ्या सोसायट्यांतली मुलं : खजिन्याचा शोध, अंतराळातली सफर, पडक्या बंगल्यातलं भूत, हॉस्टेलमधली धमाल, एका मुलीला तर हळूच एक प्रेमकथाही. नावड्याची समीक्षा : गरीब मुलगी, गरीब मुलगी, गरीब मुलगी, थोर पुरुषाचं चरित्र, गरीब मुलगी. सोसायटीतल्या एकाही पोराला मी गरीब मुलीची गोष्ट दिलेली नव्हती. खरं म्हणजे ती वाचायची गरज असलीच तर त्यांना होती. गरीब मुलगी म्हणजे काय हे समीक्षाला कादंबरीतून कळायचं नव्हतं, आणि भूत म्हणजे काय हे कळून घ्यायची तिला हौस होती. तिला मजा हवी होती, मी तिला औषध पाजत होते. तेही ती आजारी नसताना.

बरं, आणि ज्या कौशल्याचा मला एवढा तोरा, त्यानं मला पुस्तक वाचलं गेलंय एवढंच सांगितलं. कोणी वाचलंय हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

एवढं कळल्यावर शहाण्या बाईनं काय केलं असतं? मी निम्मं केलं. मोठ्यांच्या कपाटातून एक जाडजूड भुताची कादंबरी काढली, चांगली लिहिलेली, पाठीतून थंडी जाईल अशी. टेबलाच्या खणात ठेवली. म्हटलं, रविवारी आली की देऊ. नववी संपायला अजून तीन महिने होते, मग उन्हाळ्याची सुट्टी. त्या वेळात दहा-पंधरा कादंबऱ्या सहज वाचून झाल्या असत्या. एकदा ती चटक लागली की दहावीच काय, दहावीचा बापही ती सोडवू शकत नाही.

रविवारी ती आली, वडिलांबरोबर. या वेळी ते वर आले. ती दारातच थांबली.

"जय भीम, मॅडम. पोरीनं तसं बोलाया नव्हतं पायजे. मी लई रागावलो तिला. माफ करा." त्यांनी तिचं कार्ड टेबलावर ठेवलं. "आन् आता दहावी यायलीच की. म्हटलं बंद करून टाकावं."

आणि ते थांबले. मला आजही तो क्षण स्पष्ट दिसतो. ते थांबले, कारण त्यांना वाटत होतं की मी म्हणेन, "अहो, काहीतरीच काय, लेकरू आहे, राहू द्या कार्ड." दारातली पोरगी माझ्याकडेच बघत होती. खण उघडायचा, पुस्तक काढायचं आणि म्हणायचं, "ये गं, चुकलं माझं." एवढंच करायचं होतं. पण माझ्या कानांत अजून तो माईक घुमत होता. पहिल्या रांगेतल्या बायकांनी माझ्याकडे टाकलेल्या नजरा आठवत होत्या. एवढीशी कार्टी, आणि मला शिकवते!

मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. दहावी महत्त्वाची."

कार्डावर रेघ मारली, सही केली. इतकी वर्षं ज्या वाक्याची टिंगल केली, तेच वाक्य मी माझा फुगलेला अहंकार झाकायला वापरलं, आणि तेही दहावी सुरू व्हायला पाच महिने बाकी असताना. समीक्षा दारातूनच वळली. जिना उतरून खाली गेली.

तिचे वडील मात्र तिथेच घुटमळले. कपाळावरचा घाम पुसला आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, माझ्या नावावर निघंल का कार्ड? मोठ्या माणसाला देतेत का?"

"देतात की. मोठ्यांचंच वाचनालय आहे हे."

"मला वाटलं, शिकलेल्याईलाच देतेत."

मी फॉर्म दिला. त्यांनी एकेक अक्षर कोरून भरला. त्यानंतर दर रविवारी ते बदलायला यायचे. कंदिलवाल्या मुली त्यांना मनापासून आवडायच्या. त्यांतल्या चुकाही दाखवायचे. "ही लिहिणारी बाई कधी शेतात गेलेली दिसत नाही, मॅडम. सोयाबीन असं काढत नसतेत." मी विचारायचे, "समीक्षा काय म्हणते?" "अभ्यास करायलीय." दोन वेळा मी ती भुताची कादंबरी त्यांच्या पिशवीत घालायचा प्रयत्न केला. "समीक्षासाठी न्या." त्यांनी दोन्ही हातांनी, अगदी आदरानं, ती परत टेबलावर ठेवली. "नको मॅडम. तुम्हीच म्हणलात की, दहावी महत्त्वाची. मन भटकंल पोरीचं." मी ती पुन्हा खणात टाकली.

त्या वर्षात मी समितीशी भांडून सात भुताच्या कादंबऱ्या विकत घ्यायला लावल्या. भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, हे असला अंधश्रद्धेचा कशाला?" मी म्हटलं, "गरीब मुलींनी कपाट भरलंय, आता जरा गरीब भुतंही येऊ द्या." सातही वाचून काढल्या. रात्री दिवा लावून झोपत होते, सांगायला लाज वाटत नाही. त्यांतली कुठली आधी द्यायची, कुठली मागून, हे ठरवून क्रमानं खणात लावून ठेवली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. हे म्हणजे प्रायश्चित्त, असं मला वाटत होतं.

दहावीचा निकाल लागल्यावर पहिल्या रविवारी समीक्षा आली. उंच झाली होती. वेण्या जाऊन केस खांद्यापर्यंत कापलेले, हातात पेढ्यांचा बॉक्स आणि कापडी पिशवी. मार्क उत्तम पडले होते. मी पेढा तोंडात टाकला आणि एकाही शब्दाची प्रस्तावना न करता खण उघडला. सातच्या सात टेबलावर मांडल्या, ठरवलेल्या क्रमानं.

"हे घे. चुकलं होतं माझं तेव्हा. आता बस आणि कुठली हवी ती निवड. कार्ड मी आत्ता काढते."

तिनं एकेक हातात घेतली, मुखपृष्ठं बघितली. एकीची मागची बाजू वाचली. मग सगळ्या नीट एकावर एक रचून माझ्याकडे सरकवल्या.

"मॅडम, ती मला तेव्हा पायजे होती."

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. माझा अपमान होऊ नये म्हणून ती हसली.

"आता नाय वाचत मी. बसलं की पानं पुढं सरकतच नाय. सवय गेली." मग तिला एकदम आठवलं. तिनं पिशवीतून एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. "पप्पांचं बदलायचंय. त्यांची आज शिफ्ट आहे. त्यांना तसलंच द्या, गरीब मुलीचं."

मी उठले, कपाटातून एक काढलं, तारीख टाकली आणि तिच्या हातात दिलं.